हार्डडिस्कचे केसिंग आणि यूएसबीचे जोडसामान कसे निवडावे

लॅपटॉपला एसएसडी बसवून घेतली की आतली जुनी हार्डडिस्क शिल्लक राहते. मदरबोर्ड गेल्यामुळे लॅपटॉप भंगारात निघाला, तरी त्यातली डिस्क बहुधा धडधाकट असते. अशी सुटी डिस्क ज्या डबीत बसवून यूएसबीने संगणकाला जोडता येते, ती डबी म्हणजे केसिंग. वेष्टनावर ‘एनक्लोजर’ असे छापलेले असले, तरी दुकानात केसिंग म्हटले की पुरते. डिस्क घरातच पडून असेल तर तयार एक्स्टर्नल हार्डडिस्कपेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो. नवी घ्यायची असली तरी ती पसंतीची घेता येते आणि डबीतले सर्किट बिघडले तर नुसती डबी बदलून काम भागते.

निवडीची सुरुवात डिस्कपासून करावी. डिस्क कोणत्या प्रकारची आहे, तिला वीज किती लागते, ती जास्तीत जास्त किती वेगाने चालते आणि ज्या पोर्टला ती लावायची त्याचा वेग किती, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की काउंटरवर मांडलेल्या डब्यांपैकी कामाच्या दोन-तीनच उरतात. हब, केबल, कार्ड रीडर या बाकीच्या सामानालाही हीच कसोटी लागू पडते.

डिस्क ओळखणे

फिरत्या तबकड्यांच्या हार्डडिस्क दोन मापांच्या असतात. डेस्कटॉपची ३.५ इंची आणि लॅपटॉपची २.५ इंची. जुन्या घडणीची एसएसडीही २.५ इंचीच असते. २.५ इंची डिस्कची जाडी मात्र सारखी नसते. बहुतेक डिस्क ७ किंवा ९.५ मिलिमीटरच्या असतात, तर मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क १५ मिलिमीटरपर्यंत जातात. ७ मिलिमीटरच्या केसिंगमध्ये ९.५ची डिस्क बसत नाही. उलट प्रकारात ती आत खुळखुळते, म्हणून केसिंगसोबत फोमची पट्टी आली आहे का ते पाहावे.

पुढचा प्रश्न कनेक्टरचा. गेल्या दीड-दोन दशकांतल्या जवळपास सगळ्या हार्डडिस्कना साटा कनेक्टर असतो. त्यात इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या खाचा शेजारी शेजारी असतात, एक डेटाची आणि दुसरी विजेची. त्याआधीच्या डिस्क आयडीई पद्धतीच्या. त्यांना टाचण्यांसारख्या पिनांच्या दोन रांगा असतात, डेस्कटॉपच्या डिस्कला ४० आणि लॅपटॉपच्या डिस्कला ४४ पिनांच्या. गिरगाव-दादरच्या जुन्या छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत अशा डिस्क अजून कपाटात सापडतात आणि पेजमेकरमध्ये लावलेली पुस्तके त्यांवरच असतात. एखाद-दुसऱ्या आयडीई डिस्कसाठी केसिंग शोधत बसू नये. साटा आणि दोन्ही मापांच्या आयडीई डिस्क लावता येणारा, स्वतंत्र अडॅप्टरसह मिळणारा यूएसबी कन्व्हर्टर घ्यावा. डिस्क चालू झाली की फायलींबरोबर त्या वेळचे फॉण्टही उतरवून घ्यावेत. युनिकोडपूर्व मराठी फॉण्ट हाताशी नसेल तर मजकूर उघडूनही वाचता येत नाही.

नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या असतात. त्यांना एम.२ म्हणतात आणि त्यांच्यावरचा चार आकडी क्रमांक म्हणजे मापच असते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० त्याहून आखूड. माप जुळले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. एकाच आकाराच्या पट्टीत दोन निरनिराळ्या पद्धती असतात, साटा आणि एनव्हीएमई. कनेक्टरच्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा आणि एकच असेल तर एनव्हीएमई, हा ढोबळ नियम. याला अपवाद असल्यामुळे खात्री लेबल वाचूनच करावी. फक्त साटाचे केसिंग एनव्हीएमई डिस्क ओळखत नाही आणि फक्त एनव्हीएमईचे केसिंग साटा ओळखत नाही. दोन्ही चालवणारी केसिंग थोडी महाग असतात, पण पुढेमागे डिस्क बदलण्याचा विचार असेल तर तीच परवडतात.

डिस्क बाहेर काढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. विंडोजच्या अनेक लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप मालकाच्या नकळत चालू झालेले असते. अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, ती आधीच उतरवून ठेवावी. २०१० ते २०१७ या काळातल्या मॅकबुक एअरमधली एसएसडी एम.२सारखी दिसत असली तरी तिचा कनेक्टर ॲपलचा स्वतःचा आहे, सर्वसाधारण केसिंगमध्ये ती बसत नाही. त्यानंतरच्या मॅकबुकमध्ये तर चिप थेट बोर्डावर जडवलेल्या असतात. तिसरी गोष्ट तयार एक्स्टर्नल हार्डडिस्कची. पोर्ट तुटले म्हणून ती फोडून आतली डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घालावी असे सुचते, पण काही कंपन्या यूएसबीचे पोर्ट डिस्कच्या मूळ सर्किटवरच जडवतात. साटाची खाच तिथे नसतेच. काहींत डेटा त्या सर्किटकडून सांकेतिक होऊन साठतो, त्यामुळे सर्किट बदलले की डिस्क कोरी दिसते. अशी डिस्क फॉरमॅट न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.

वेग आणि नावांचा गोंधळ

यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ साली आला. तो घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट अग्रभागी होते; अभियांत्रिकीची पदवी त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली होती. एका खाचेत सगळे काही लागावे हा मूळ हेतू साधला, पण पुढच्या आवृत्त्यांची नावे इतक्यांदा बदलली की आज डबीवरच्या नावावरून वेगाचा अंदाज येत नाही. यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ ही तिन्ही नावे एकाच, सेकंदाला ५ गिगाबिट वेगाची आहेत. जेन २ म्हणजे १० गिगाबिट, जेन २×२ म्हणजे २० गिगाबिट आणि यूएसबी ४ साधारणपणे ४० गिगाबिट. २००० साली आलेली यूएसबी २.० फक्त ४८० मेगाबिटची. म्हणून नाव सोडून गिगाबिटचा आकडा विचारावा. ‘थ्री पॉइंट टू आहे’ या उत्तरातून काहीच निश्चित होत नाही.

खोक्यावर बिट लिहिलेले असतात आणि फाइल मोजली जाते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, शिवाय काही भाग नियंत्रणाच्या संदेशांत खर्ची पडतो. त्यामुळे यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी, ५ गिगाबिटवर ४०० ते ४५० एमबी आणि १० गिगाबिटवर सुमारे १,००० एमबी इतकाच वेग हाती लागतो. डिस्कच्या बाजूने पाहिले तर २.५ इंची हार्डडिस्क सेकंदाला १०० ते १४० एमबी देते, ३.५ इंची १५० ते २५०, साटा एसएसडी ५५० पर्यंत आणि एनव्हीएमई ३,५०० किंवा त्याहून जास्त.

हे आकडे शेजारी मांडले की पैसे कुठे घालावेत हे उघड होते. समजा, दादरच्या एखाद्या छायाचित्रकाराला लग्नाचे १०० जीबी चित्रीकरण उतरवायचे आहे. यूएसबी २.० च्या जुन्या केसिंगमधून त्याला सुमारे पाऊण तास लागेल. तीच हार्डडिस्क ५ गिगाबिटच्या केसिंगमध्ये घातली तर सुमारे १४ मिनिटे लागतील आणि १० गिगाबिटच्या महाग केसिंगमध्ये घातली तरीही १४च, कारण तबकडी त्याहून वेगाने वाचता-लिहिताच येत नाही. साटा एसएसडी असेल तर ५ गिगाबिटवर चार मिनिटांत काम होते, एनव्हीएमई आणि १० गिगाबिटवर दोन मिनिटांच्या आत. तेव्हा फिरत्या डिस्कसाठी ५ गिगाबिटचे केसिंग पुरेसे आहे आणि एनव्हीएमईसाठी १० गिगाबिटचे घ्यावे. २० गिगाबिटचा मार्ग बहुतेक लॅपटॉपमध्ये नसतोच. असे केसिंग तिथे १० वर उतरते आणि जास्तीचे पैसे वाया जातात. ४० गिगाबिटची केसिंग रोज मोठ्या चित्रफिती थेट डिस्कवरून संपादित करणाऱ्यांच्या कामाची. त्यांतली थंडरबोल्टची काही केसिंग साध्या यूएसबी पोर्टवर चालतच नाहीत, हे खरेदीआधी विचारून घ्यावे.

पोर्टच्या रंगावर फार विसंबू नये. आत निळे प्लास्टिक असेल तर ते बहुधा ५ गिगाबिटचे असते, पण हिरवट-निळ्या किंवा लाल रंगाला सर्वमान्य अर्थ नाही. टाइप-सी हे तर फक्त खाचेच्या आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या पोर्टमागे ४८० मेगाबिटही असू शकतात आणि ४० गिगाबिटही. लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर पोर्टचा वेग पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

विजेचा हिशेब

डिस्कच्या लेबलवर वोल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. तिथे फक्त ‘५ वोल्ट’ असेल तर ती डिस्क यूएसबीच्या विजेवर चालू शकते. ‘५ वोल्ट’ आणि ‘१२ वोल्ट’ असे दोन आकडे असतील तर ती ३.५ इंची डिस्क आहे आणि तिला भिंतीतल्या प्लगचा अडॅप्टर लागणारच. ३.५ इंची डिस्कसाठी अडॅप्टरशिवायचे केसिंग कोणी देऊ केले तर ते घेऊ नये.

यूएसबी २.० चे पोर्ट ५ वोल्टला ५०० मिलिअँपिअर देते आणि यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअर. २.५ इंची हार्डडिस्क फिरत असताना याहून कमी वीज घेते, पण तबकडी सुरू होण्याच्या क्षणी तिची मागणी एक अँपिअरच्या आसपास जाते. वीज अपुरी पडली की डिस्कमधून थोड्या थोड्या वेळाने ‘टक-टक’ असा आवाज येतो, दिवा लागतो आणि विझतो, संगणकावर ड्राइव्ह दिसतो आणि नाहीसा होतो. डिस्क खराब झाली असे समजून ती फेकण्याआधी दुसरे पोर्ट आणि दुसरी आखूड केबल लावून पाहावी. डेस्कटॉपला पुढच्या पोर्टाऐवजी मागचे पोर्ट वापरावे. दोन पोर्टांतून वीज ओढणारी वाय आकाराची केबलही मिळते. एवढे करूनही टकटक थांबली नाही तर मात्र डिस्क लगेच काढावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिले की उरलेला डेटाही हातचा जातो.

एनव्हीएमई एसएसडीत फिरणारे काही नसले तरी भरात असताना ती ५ ते ८ वॉट घेते. म्हणून तिला १५ वॉट देऊ शकणारे टाइप-सी पोर्ट चांगले. टीव्ही आणि राउटर यांची पोर्ट अनेकदा ५०० मिलिअँपिअरचीच असतात. तिथे हार्डडिस्कपेक्षा पेनड्राइव्ह किंवा एसएसडी बरी.

अडॅप्टरबाबत हयगय नको. तो १२ वोल्टचा, निदान २ अँपिअरचा असावा आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या केसिंगच्या अडॅप्टरवर इनपुट १००–२४० वोल्ट लिहिलेले आहे ना, ते पाहावे. फक्त ११० वोल्टचा असेल तर आपल्या २३० वोल्टला तो क्षणात जळतो. घरात सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि केसिंग यांचे अडॅप्टर एकसारखेच दिसतात आणि पिनही एकमेकांत बसतात. ५ वोल्टच्या उपकरणाला १२ वोल्टचा अडॅप्टर लागला तर चिप गेलीच म्हणून समजावे. खरेदीच्या दिवशीच अडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवून ठेवलेली बरी.

आतली चिप आणि बांधणी

केसिंगची खरी किंमत आतल्या ब्रिज चिपमध्ये असते. डिस्कची भाषा आणि यूएसबीची भाषा यांच्यात दुभाष्याचे काम ती करते. जेमायक्रॉन, एएसमीडिया आणि रिअलटेक या तैवानी कंपन्यांच्या चिप सर्रास आढळतात. रिअलटेकची आरटीएल ९२१०बी ही चिप साटा आणि एनव्हीएमई दोन्ही चालवते. चांगल्या उत्पादनाच्या माहितीत चिपचे नाव दिलेले असते. नाव मुद्दाम लपवलेले असेल तर दुसरे मॉडेल पाहावे.

चिपला यूएएसपी पद्धत येत असणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीत एक हुकूम पुरा झाल्यावरच दुसरा जातो. यूएएसपीमध्ये अनेक हुकूम एकदम रांगेत लागतात, त्यामुळे लहान लहान हजारो फायली उतरवताना फरक ठळक जाणवतो. विंडोज ८ पासून ही सोय अंगभूत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली ‘यूएसबी अटॅच्ड स्कझी’ असे नाव आले की यूएएसपी चालू आहे. एसएसडीसाठी ट्रिमची, म्हणजे पुसलेली जागा तिला कळवण्याची, आणि डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्ट माहितीची सोय आहे का, हेही विचारावे. फार जुन्या केसिंगना २ टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नाही, म्हणून मोठ्या डिस्कसाठी कमाल क्षमतेचा आकडा पाहून घ्यावा.

साध्या २.५ इंची डिस्कला प्लास्टिकची, स्क्रूविना सरकवून उघडणारी डबी चालते. एनव्हीएमईला मात्र ॲल्युमिनियमचीच हवी. ही डिस्क ७० ते ८० अंशांच्या घरात तापली की स्वतःच वेग कमी करते आणि मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीत ती वेळ लवकर येते. डिस्क आणि धातूचे झाकण यांच्यामध्ये थर्मल पॅडची मऊ पट्टी बसवतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे पातळ प्लास्टिक सोलून काढायचे असते. ते तसेच राहिले तर उष्णता बाहेर पडत नाही. झाकण हाताला चटका देत असेल तर आतली उष्णता बाहेर येते आहे, हे चांगलेच लक्षण.

दोन डिस्कच्या केसिंगमध्ये रेड १ ची सोय असते. तीत दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहतो. एक डिस्क गेली तरी काम अडत नाही, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून रेडला बॅकअप समजू नये.

केबल

तक्रारींचे मूळ अनेकदा केबलमध्ये निघते. फोनच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल दिसायला दणकट असते, पण तिच्यातून डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने जातो. आयफोन १५ प्रो १० गिगाबिट वेग देऊ शकतो, तरी खोक्यातली केबल ४८० मेगाबिटचीच आहे. केसिंगबरोबर आलेली आखूड केबल म्हणूनच जपून ठेवावी आणि चार्जिंगला वापरू नये. नवी घ्यायची तर तिच्यावर किंवा वेष्टनावर ‘१०’ किंवा ‘२०’ गिगाबिट असे स्पष्ट छापलेले असावे. ‘१०० वॉट’ हा आकडा विजेचा आहे, त्यावरून डेटाचा वेग कळत नाही. साध्या टाइप-सी केबलमध्ये १० गिगाबिटसाठी लांबी एक मीटरपर्यंत आणि ५ गिगाबिटसाठी दोन मीटरपर्यंत ठेवावी.

जुन्या केसिंगना मायक्रो-बीचे रुंद, दोन भागांचे पोर्ट असते. ते सैल पडते आणि मग थोड्या धक्क्यानेही जोडणी तुटते. आज नवे केसिंग घेताना टाइप-सीचेच घ्यावे.

हब, कार्ड रीडर, ओटीजी आणि पेनड्राइव्ह

हबला लावलेली सगळी उपकरणे एकाच पोर्टचा वेग आणि वीज वाटून घेतात. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांना साधा हब पुरतो. दोन हार्डडिस्क एकदम लावायच्या असतील तर स्वतंत्र अडॅप्टरचा हब लागतो. टाइप-सीच्या अनेक स्वस्त हबमध्ये एक-दोन पोर्टच ५ गिगाबिटची असतात, बाकीची यूएसबी २.० ची. डिस्क कोणत्या पोर्टला लावायची ते पाहून घ्यावे.

यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना वायरलेस माउस अडखळतो, याचेही कारण आहे. ५ गिगाबिटच्या जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि माउसचा रिसीव्हर व जुने वायफाय त्याच पट्ट्यात चालतात. इंटेलने २०१२ साली हे मोजून दाखवले होते. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने दूर लावला की अडचण मिटते.

कार्ड रीडर कॅमेऱ्याच्या कार्डानुसार घ्यावा. यूएचएस-१ कार्डाची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, तर यूएचएस-२ ची ३१२ एमबी. दुसऱ्याच्या मागे पिनांची आणखी एक रांग असते आणि रीडरही त्याच पद्धतीचा नसेल तर कार्डासाठी मोजलेले जादा पैसे फुकट जातात. अनंत चतुर्दशीला लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत मिरवणुकीबरोबर चालणाऱ्या छायाचित्रकाराला कार्ड वाटेतच रिकामे करावे लागते. त्यासाठी टाइप-सी फोन, रीडर आणि छोटी एसएसडी एवढा संच पुरतो, मात्र फोनला ओटीजीची, म्हणजे यूएसबी उपकरण थेट जोडण्याची, सोय हवी आणि एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी. मिरवणुकीत फिरती हार्डडिस्क नेऊ नये. चालू असताना बसलेला धक्का तिला सोसत नाही.

फुटपाथवर किंवा अनोळखी विक्रेत्याकडे अविश्वसनीय भावात मिळणारा १ किंवा २ टीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा बनावट असतो. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगितला जातो. खरी क्षमता संपली की पुढच्या फायली नावापुरत्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम पूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासतात. नवा पेनड्राइव्ह किंवा कार्ड कामाला लावण्याआधी ही तपासणी करावी.

फॉरमॅट

डिस्क कुठे कुठे लावायची त्यावर फॉरमॅट ठरतो. फक्त विंडोजसाठी एनटीएफएस योग्य. मॅक तो वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींसाठी एक्सफॅट सोयीचा. फॅट३२ जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर चालतो, पण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल राहत नाही. २ टीबीहून मोठ्या डिस्कसाठी विभागणीची पद्धत एमबीआरऐवजी जीपीटी ठेवावी. एक्सफॅटमध्ये लिहिताना वीज गेली किंवा केबल निघाली तर नुकसान होण्याचा धोका एनटीएफएसपेक्षा जास्त, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढू नये.

लॅमिंग्टन रोडवरची खरेदी

दक्षिण आणि मध्य मुंबईत या सामानाची मुख्य बाजारपेठ म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सर्वांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला तो पायी काही मिनिटांवर आहे. गिरगावातून ऑपेरा हाउसमार्गे चालत जाता येते. दादर किंवा प्रभादेवीहून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडावी, जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात.

जाताना डिस्क सोबत न्यावी, ते जमत नसेल तर तिच्या लेबलचा स्वच्छ फोटो तरी न्यावा. शक्य असल्यास लॅपटॉपही न्यावा आणि काउंटरवरच केसिंग लावून एक मोठी फाइल उतरवून पाहावी. वेग ३५-४० एमबीवर अडकला तर केबल, पोर्ट किंवा केसिंग यांपैकी एक यूएसबी २.० चे आहे. तपासणीला नकार देणाऱ्या दुकानातून पुढे सरकावे, शेजारी दुसरे दुकान असतेच.

भाव सांगितल्यावर तो जीएसटीसह आहे की वेगळा, हे विचारावे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य इथे ऐकू येतेच. पण पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करता येत नाही आणि वाचलेले पैसे पहिल्या बिघाडात जातात. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असावा, महाराष्ट्रातला तो २७ ने सुरू होतो. मॉडेल आणि अनुक्रमांकही लिहून घ्यावा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असायला हवी. वॉरंटी कंपनीची, आयातदाराची की नुसती दुकानाची, आणि बदलून मिळेपर्यंत माल कुठे न्यायचा, हे तिथेच ठरवून घ्यावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

जपणूक आणि बॅकअप

मुंबईची हवा दमट आणि समुद्राजवळ खारट. चौपाटीलगतच्या घरांत उघडे राहिलेले पोर्ट काळवंडते. वापर नसताना केसिंग सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पुडी दर पावसाळ्याआधी बदलावी. लोअर परळच्या वातानुकूलित कार्यालयातून जुलैच्या हवेत आणलेल्या गार डिस्कवर बाष्प धरते, म्हणून घरी आल्यावर ती लगेच न लावता अर्धा-पाऊण तास थांबावे. लोकलच्या गर्दीत नेताना हार्डडिस्क गादीदार पाकिटात, पूर्ण थांबलेल्या अवस्थेत असावी. केबल काढल्यावर तबकडी थांबायला काही सेकंद लागतात.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून मुंबईची वीज एकाएकी गेली होती. अडॅप्टरवर चालणारी ३.५ इंची डिस्क अशा क्षणी लिहिण्याच्या मध्यावर बंद पडते, लॅपटॉपच्या बॅटरीचा तिला उपयोग होत नाही. कार्यालयात अशी डिस्क यूपीएसवरच लावावी.

हिंदमाता-परळच्या सखल भागात जोरदार पावसात पाणी साचते. तळमजल्यावरच्या दुकानाची आणि स्टुडिओची डिस्क जमिनीलगतच्या खणात ठेवू नये, आणि दुसरी प्रत त्याच खोलीत ठेवून भागत नाही. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या पत्त्यावर असावी. दुसरा पत्ता म्हणजे वरच्या मजल्यावरचे नव्हे, दुसऱ्या वस्तीतले घर किंवा क्लाउड. वर्षानुवर्षे न उघडण्याच्या संग्रहासाठी हार्डडिस्क बरी. एसएसडी विजेविना फार काळ पडून राहिली तर तिच्यातला मजकूर विरळ होण्याचा धोका असतो. दोन्ही प्रकारच्या डिस्क दर सहा महिन्यांनी लावून चार-दोन फायली उघडून पाहाव्यात.

जुनी डिस्क विकताना किंवा कोणाला देताना नुसते डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही. हार्डडिस्कवर पूर्ण फॉरमॅट चालवावा आणि एसएसडीला कंपनीच्या प्रोग्राममधून सिक्युअर इरेज द्यावे. बंद पडलेली डिस्क, केबल आणि अडॅप्टर रोजच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत. देण्यापूर्वी केसिंग उघडून पाहावे. डिस्क गेलेली असली तरी डबीतले सर्किट चालू असेल, तर पुढच्या डिस्कसाठी तेच कामी येते.